स्पीकर टेबलावर होता

गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर, लावताना स्पीकरच्या वायरी काढून ठेवायच्या, हा फिटरचा नियम. नाहीतर नवा स्पीकर फाटतो आणि गिऱ्हाईक जुन्या शिव्या देतं. आजचं गिऱ्हाईक घरचंच होतं, बायकोचा धाकटा भाऊ. तो स्टिअरिंगपाशी बसला होता, फिटर डिकीत अ‍ॅम्प्लिफायरपाशी, आणि स्पीकर दहा हात लांब टेबलावर, बिनवायरीचा.

फिटरनं गेनचा स्क्रू जरासा फिरवला. धप्! मेहुण्याचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं.

"भाऊजी, मागून मारता काय?"

"मी डिकीत आहे रे, नाटक्या."

हातातल्या व्होल्टमीटरवरचा आकडा अजून कमीच होता. फिटरनं आणखी फिरवलं. धप्! नाक फुटलं, काचेवर रक्त उडालं.

"ताईला सांगेन हं!"

फिटरनं घाईनं स्क्रू शून्यावर आणला आणि बॅटरीची वायर उपटली. तरी स्क्रू आपला आपण पुन्हा चढू लागला. त्यानं अंगठ्यानं दाबून धरला, तर अंगठ्याचं सालटं निघालं. धप्. धप्. धप्.

मेहुण्याची मान स्टिअरिंगवर लोळली.

टेबलावरचा स्पीकर थरथरला आणि मेहुण्याच्या आवाजात, कुठेही न फाटता, म्हणाला, "भाऊजी, आता तुम्ही पुढे बसा."