थोडे हलतात अजून

संध्याकाळी शिंप्याने मोटारहोममधले, म्हणजे त्याच्या राहायच्या गाडीतले, दिवे लावले आणि ते पुन्हा फडफडू लागले. ओट्यावरचा, पलंगावरचा, दारातला, सगळे एकदम. तो थोडा वेळ नुसता बघत उभा राहिला. मग त्याने मेव्हण्याला फोन लावला.

बायको गेल्यापासून दोघांचं बोलणं झालं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. फोन नेहमी तीच लावायची आणि बोलून झालं की याच्या हातात द्यायची, एवढंच.

"भाऊजी?" मेव्हण्याचा आवाज दचकलेला होता. "सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे रे. गाडीतले दिवे डोळे मारतायत."

"कुणाला?"

"मलाच. इथे दुसरं आहे कोण!"

खरंच कुणी नव्हतं. सहलींचा मोसम संपला होता. मुक्कामाच्या तळावरच्या बाकीच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या होत्या, आणि त्या जिथे उभ्या असत तिथे गवताचे पिवळे चौकोन राहिले होते.

"तळावर एखादा मेकॅनिक असेल की," मेव्हणा म्हणाला.

"आहे. फाटकापाशी बसतो. पण वायरिंग तू केलंयस. दुसऱ्याने शिवलेला कोट कुणी माझ्या दुकानात दुरुस्तीला आणला, की माझं डोकं फिरायचं."

मेव्हणा हसला. जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग करून आता तोही घरीच बसला होता. "बरं. एकच दिवा हलतो की सगळे?"

"सगळे."

"मग दिव्यांचा दोष नाही. मी दिलेला मीटर असेल बघा कुठेतरी. बॅटरीला लावा."

शिंप्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मीटर लावला. बारा पॉइंट सहा व्होल्ट. बॅटरी ठणठणीत होती. बाहेरून घेतलेल्या विजेची वायर काढून पाहिली, दिवे तसेच. म्हणजे दोष चार्जरचाही नव्हता. फ्यूज दाबून दाबून नीट बसवले. दिवे तसेच.

"मग अर्थिंग," मेव्हणा म्हणाला. "सगळ्या दिव्यांची काळी वायर एकाच ठिकाणी गाडीच्या पत्र्याला जोडलीय. तीच सैल झाली असणार. बाकाखालच्या खणात, पार मागे. खण रिकामा करावा लागेल. काय आहे त्यात?"

शिंप्याने बाकाची फळी उचलली.

"तुझ्या ताईचे चालायचे बूट."

मेव्हणा हळूच म्हणाला, "राहू द्या हवं तर. फाटकावरच्या माणसाला सांगा उद्या."

"नको. मीच काढतो."

बुटांच्या तळव्यांना वाळलेला चिखल होता. त्याने एकेक बूट दोन्ही हातांनी उचलला, चिखल पडू नये इतक्या जपून, आणि समोरच्या बाकावर ठेवला. मग गुडघे टेकून खणात डोकं घातलं.

"सापडली. नट गंजलाय."

"आधी मेन स्विच बंद करा. मग नट काढून वायरचं टोक आणि पत्रा, दोन्ही पॉलिश पेपरने घासा. चांगलं लख्ख होऊ द्या. मग आवळा."

अंधारात दातांत विजेरी धरून शिंपी घासत बसला. मेव्हणा बोलत राहिला. नात आता फोनवर आजोबा म्हणते, पण तिच्या आईबापांनी घर लांब घेतलंय. गुडघा कुरकुरतो. भाजी एकट्यापुरती करायला जमतच नाही, दोन दिवस तीच खावी लागते. दातांतल्या विजेरीमुळे शिंप्याला नुसतं "हं, हं" म्हणता येत होतं. पत्रा लख्ख झाला, तरी तो आणखी थोडा वेळ घासत होता.

नट आवळून त्याने मेन स्विच लावला. दिवे लागले. फडफड नाही, काही नाही. स्वतः शिवलेल्या पडद्यांवरची एकेक शिलाई त्याला स्वच्छ दिसत होती.

"आता?" मेव्हण्याने विचारलं.

शिंपी वर दिव्यांकडे बघत राहिला.

"थोडे हलतात अजून," तो म्हणाला.

"हलतात?"

"थोडे."

मेव्हणा विचारात पडला. "मग असं करा. नळ सोडा. पाण्याचा पंपही त्याच वायरवर आहे. जोडणी सैल असेल तर पंप गचके खात चालेल, मला इथे बसून कळेल. फोन जवळ धरा त्याच्या."

आता आली पंचाईत. नाही म्हणायला शिंप्याला काही कारण सुचेना. त्याने वाकून फोन ओट्याखाली धरला आणि वर हात करून नळ सोडला. पंप सुरू झाला. तेल घातलेल्या शिलाई मशीनसारखा, सलग, एकदाही न अडखळता. पाणी पडत राहिलं. शेवटी त्याने नळ बंद केला, पण फोन तिथून वर घ्यायचा त्याला धीर होईना.

"भाऊजी."

"हं."

"खातोय की गचके," मेव्हणा म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल. घाईत नाही ना तुम्ही?"

"छे रे," शिंपी म्हणाला, आणि तिथेच खाली मांडी घालून ऐसपैस बसला.