नेहमीची लाथ

सुताराच्या लेकीनं बनवलेला पहिला कॉम्प्युटर गेम सकाळी बाजारात आला आणि पहिल्याच दाराशी अडकला. दार उघडेना. खेळणाऱ्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. लेक रडकुंडीला आली, त्यात सुतारानं जखमेवर मीठ चोळलं. "दार अर्धवट ठेवून माल विकायला काढलास? आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं उभं सोललं असतं!" तेवढ्यात बाथरूममधून आई ओरडली, "अहो, तीस वर्षं झाली, हे दार कधी पुरं करणार? पुन्हा अडकलंय!" सुतार उठला. स्वतःच्या हातानं बसवलेल्या दाराला त्यानं खाली डाव्या कोपऱ्यात नेहमीची लाथ घातली. दार उघडलं. लेक धावतच कॉम्प्युटरकडे गेली. दुपारपर्यंत गेममधलं दारही लाथ मारली की उघडू लागलं. एका शिवीबहाद्दरानं लिहिलं, "अगदी आमच्या घरच्या दारासारखं!" सुतारानं ते दोनदा वाचलं. "लाथेची जागा कुणी शोधली ते सांगितलंस ना त्यांना?"