ओंबेलीनचं पीप

कल्पना करा बाळांनो, तुमच्या जन्माच्या वर्षी बाबांनी तुमच्या नावाने एक पीप भरून ठेवलंय, आणि ते आज उघडायचं आहे. ओंबेलीनचं तसंच होतं. तिला आता सातवं लागलं होतं.

फ्रान्समधल्या ज्युराच्या डोंगरातली ही पिवळी वाईन मोठी हट्टी. सहा वर्षं तिला हात लावायचा नाही. पिपात ती आटत गेली तरी वरून भर घालायची नाही. आत तिच्यावर दुधासारखी साय धरते. साय टिकली तर वाईन, मोडली तर व्हिनेगर.

पीप भरलं त्याच हिवाळ्यात ओंबेलीनचे बाबा, गास्पार, वारले. मागे राहिलं ते पीप आणि तिच्यासाठी कोरलेला लाकडी चमचा. चमच्यावर गोगलगाय होती आणि तिला चुकून तीन शिंगं कोरली गेली होती.

आजोबांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "ज्याला वाईन कळते त्याचा मळा. गास्पारचं पीप साधलं तर वरचा मळा त्याच्या बायकोपोरीचा. आंबलं तर रेजीसचा."

रेजीस म्हणजे थोरला काका. आज तो सकाळीच येऊन बसला होता. टेबलावर कोंते चीज आणि अक्रोड मांडले होते. चुलीवर सायीत आणि रानअळंब्यांत कोंबडी रटरटत होती.

"काय ओदिल, बोचकी बांधलीस ना?" काका आईला म्हणाला. "गास्पारला पीप धड धुता येत नव्हतं, वाईन काय करणार!"

"तुमच्या पिपाचं काय झालं ते गावाला ठाऊक आहे, भावजी."

आजोबा खो खो हसले. दोघा भावांची एकाच वर्षी भरलेली पिपं तळघरात शेजारी शेजारी होती. दोन्हींवर दोरीने नावाची पाटी लटकवलेली. दोन वर्षांपूर्वी काकाच खाली मान घालून सांगत आला, "माझं आंबलं." आंबलेलं पीप तळघरात ठेवत नाहीत, इतरांना बाधतं. त्याने एकट्याने ते ढकलत नेऊन गोठ्यात लावलं. तेव्हापासून घरच्या सॅलडला त्याचंच व्हिनेगर. तो स्वतःच बाटली भरून आणायचा, आणि गाव त्याला व्हिनेगरवाला म्हणायचं.

आजोबा तळघरातून पेला घेऊन वर आले. चीजचा तुकडा खाल्ला, अक्रोड चावला, मग एक घोट. डोळे मिटले ते उघडेचनात. आईने एप्रनचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

"अरे, तोंडातल्या अक्रोडाला पुन्हा कोंब फुटल्यासारखं वाटलं," आजोबा म्हणाले. "गास्पार, पोरा, जिंकलास! ओदिल, मळा तुझा."

आई रडायलाच लागली. "पीप भरलं त्या रात्री गास्पार चाकू घेऊन तळघरात बसला होता हो. काय करतोस विचारलं तर नुसता हसला."

काकाने घोट घेतला. "बरी आहे. नशीब लागतं."

"मेलेल्या भावाचं एवढं तरी कौतुक करा!"

"कौतुकाने पोट भरत नाही. कोंबडी वाढ."

"सॅलडला व्हिनेगर नाही," आईने डोळे पुसले. "ओंबेलीन, गोठ्यातून आण बघू."

"मी आणतो," काका ताडकन उठला.

आजोबांनी त्याला बाहीला धरून खाली बसवलं. "हरल्यावर पळतोस कुठे? बस, व्हिनेगरवाल्या!"

गोठ्यातलं पीप आता जवळजवळ रितं होतं. तोटीतून थेंब थेंब येई. पाटीवर काकाचं नाव होतं. ओंबेलीनने आडवं ठेवलेलं पीप मिठी मारून कलतं केलं, तसं ते गडगडत अर्धं फिरलं. इतके दिवस जमिनीकडे असलेली बाजू वर आली.

लाकडात चाकूने एक गोगलगाय कोरली होती. तिच्या पाठीवर एक पिल्लू होतं.

दोघांनाही तीन तीन शिंगं.

ओंबेलीनने शिंगांवरून बोट फिरवलं, मग दोरीने लटकवलेल्या पाटीकडे पाहिलं: पीप बाबांचं, पाटी काकाची. मग तिने सारा जोर लावून पीप होतं तसं फिरवलं, गोगलगायी पुन्हा खाली गेल्या. बाटली भरली. ती घरात आली, व्हिनेगर टेबलावर ठेवलं, आणि आपला लाकडी चमचा काकाच्या ताटात ठेवला.