साडेसहाशे वॅट

"चालेल," गुणवंतराव म्हणाले.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला सात रंगांचे दिवे होते. लग्नाच्या वरातीत शोभतील असे. दुकानदार योगेंद्रने ते दोनदा लावून दाखवले. एरवी "हे काय सोंग?" म्हणून गुणवंतरावांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांचा मुलगा गौतम तिलवाऱ्याच्या पुढे, नागपूरच्या रस्त्यावर, अपघातात गेला, तेव्हापासून त्यांना सगळंच चालत होतं. भाजी अळणी, चालेल. पंखा बंद, चालेल. मुलगी दीप्ती आधी चिडायची, मग रडायची, आता नुसती बघायची.

हा गेमिंग कॉम्प्युटर मात्र त्यांच्याच डोक्यातून निघालेला. गौतमची मुलगी समिधा नागपूरला आईजवळ असते. बाप गेल्यापासून पोरगी कोणाशी धड बोलत नाही, फोन तर हातातही धरत नाही. पण कानाला हेडफोन लावून गेम खेळायला बसली की तिची टकळी सुरू. "थांब ना, मी येऊन राहिली!" असं कोण्या अनोळखी पोराला ओरडून सांगताना आजोबांनी तिला ऐकलं होतं. आता आजोबांना त्या गेममध्ये जायचं होतं. दुसरीकडे कुठे ती भेटतच नव्हती.

मॉनिटर, चालेल. कीबोर्ड, चालेल.

"पॉवर सप्लाय साढ़े चार सौ वॅट का डाल देता हूँ, अंकलजी," योगेंद्र म्हणाला. "काम चल जाएगा. भारी गेम में ग्राफिक्स कार्ड एकदम से ज़्यादा बिजली खींचेगा, तो कंप्यूटर कभी-कभार बंद हो जाएगा. फिर से चालू कर लेना, बस."

"नाही."

शेजारी उभ्या दीप्तीने चमकून पाहिलं. कित्येक दिवसांत हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

"साढ़े छह सौ का दीजिए."

"काहून हट्ट करून राहिले बाबा? परत चालू करता येते ना!"

खमरियाच्या फॅक्टरीत जन्मभर मोटरी बसवलेला माणूस. जास्तीचा भार धरल्याशिवाय साधा स्विचही घ्यायचा नाही. तीच खोड जागी झाली असं दीप्तीला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. ती हसून म्हणाली, "ही फॅक्टरी नाही बाबा, गेम आहे. मिनिटभर बंद पडलं तर काय बिघडते?"

गुणवंतरावांनी काउंटरवरचा साडेचारशेचा खोका बाजूला सारला. मग सपाट आवाजात बोलले, "त्या दिवशी गौतम गाडी कडेला लावून फोनवर समिधाशीच बोलून राहिला होता. मधातच त्याचा आवाज बंद झाला. पोरगी किती वेळ हॅलो हॅलो करत बसली."

दीप्तीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. योगेंद्रने वरच्या फळीवरून मोठा खोका काढला.

"मी बोलता बोलता बंद पडलो," गुणवंतराव म्हणाले, "तर चालणार नाही."