मारामारी नको, भूत लाव

"मारामारी नको. भूत लाव," सासू म्हणाली.

सुनेने मशीनवरून उठून चॅनेल बदललं. आठवा महिना होता, पोट शिलाईमशीनला टेकायला लागलं होतं. पण दुपारचा सिनेमा लागल्याशिवाय सासूला करमत नसे. म्हातारीला दिसायचं अंधुक, म्हणून ती सिनेमा ऐकायची आणि उरलेला सून सांगायची.

मतं मात्र ठणठणीत. "काय करकरतंय ते दार. भुताला एक वेळ सुचणार नाही, पण घरमालकाला दोन थेंब तेल घालता येत नाही?"

"आई, आता ती बाई एकटीच तळघरात चाललीय."

"जाऊ दे. सांगून ऐकणाऱ्यातली नाही ती."

सून हसली आणि पुन्हा शिवायला बसली.

पूर्वी सासूला मारामारीच लागायची. "एवढ्या गोळ्या, एक लागेल तर शपथ. रोजंदारीवर आणलेत वाटतं हे गुंड," असं म्हणत का होईना, शेवटपर्यंत ऐकायची. गेल्या महिन्यापासून एकदम भुतांचा नाद लागला. सुनेने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "भुताच्या सिनेमात बरं असतं गं. मेलेला निदान परत तरी येतो."

सुनेच्या ते पथ्यावरच पडलं. मारामारीचा सिनेमा तिला बघवायचा नाही. नवरा सिनेमात डुप्लिकेट होता. हिरोच्या वाटणीच्या उड्या मारायच्या, हिरोच्या वाटणीचं पडायचं. दोन वर्षांपूर्वी खांदा मोडून घरी आला, तेव्हा सासूने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "माझी शपथ घे, बंड्या. पुन्हा उडी मारणार नाही म्हण."

बंड्याने शपथ घेतली आणि खांदा बरा होताच मोडली. घरी सांगायचं, शूटिंगचं सामान सांभाळतो. खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली ते माणूस मरतं, यावर म्हातारीचा गाढ विश्वास. तिला कळलं तर ती हाय खाऊन मरेल, या धास्तीने सून दोन वर्षं खोटं बोलत आली होती. नवऱ्याचा रागही यायचा. उडी त्याने मारायची आणि धडधड हिने सोसायची.

सध्या तो लांब डोंगरात शूटिंगला होता. तिथे फोन लागत नसे. महिन्यापूर्वी धाकटा दीर जाऊन भेटून आला, "दादा मजेत आहे" एवढंच म्हणाला. त्यानंतरचे निरोपही तोच आणायचा. सासूचं जेवण तेव्हापासून निम्म्यावर आलं होतं. पोराची आठवण येत असेल, असं सुनेला वाटायचं.

तळघराचं दार उघडायच्या आतच जाहिराती लागल्या. नव्या सिनेमाची झलक होती. पूल, मागे गाड्या, कठड्यावर चढलेला हिरो. सून घाईने रिमोट शोधू लागली. तो कापडाच्या ढिगाखाली गेला होता. पाठमोऱ्या माणसाने उडी घेतली. ती पाठ तिने लगेच ओळखली.

"आई गं!"

हिरोचा आवाज नंतर भरतात, हे तिला माहीत होतं. ही एवढी हाक मात्र काढून टाकायला कोणीतरी विसरलं होतं. मग हिरोचा चेहरा आला, संगीत वाजलं आणि साबणाची जाहिरात सुरू झाली.

सासू ताठ बसली होती. "पुन्हा लाव ते."

"जाहिरात होती, आई. पुन्हा नाही लावता येत."

"माझ्या बंड्याचा आवाज होता."

सुनेने थाप मारायला तोंड उघडलं, पण जमेना. ती सासूशेजारी जाऊन बसली. "हो, आई. तोच होता. उड्या सोडल्याच नाहीत त्याने. मीही लपवलं, मला काय बोलायचं ते बोला. पण बघा, तुम्हाला काही झालं का? आहात ना धडधाकट? शपथेबिपथेने काही होत नसतं. येऊ दे त्याला, चांगला कान पिळा."

सासूने चाचपडत हात पुढे केला आणि तिच्या पोटावर ठेवला.

"तू बाळंत होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं धाकट्याने बजावलं होतं मला," ती म्हणाली. "पण शपथ तर माझी होती ना गं? मग तो कसा गेला, आणि मी कशी राहिले?"