आतला मालक

चौथ्यांदा बिल्ड, म्हणजे प्रोग्राम तयार करणं, फेल झालं तेव्हा अप्पांनी चष्मा काढून पुसला. पडद्यावर तेच लाल वाक्य होतं: परवानगी नाही.

सलाइनच्या पंपाचा प्रोग्राम होता तो. रुग्णालयातला पंप विनाकारण भोंगा वाजवत होता, म्हणून सिस्टरांनी तो बंद ठेवला होता आणि सकाळपासून त्या स्वतःच थेंब मोजत बसल्या होत्या. दुरुस्ती अप्पांनी सकाळीच केली होती. त्यांच्या मशिनवर प्रोग्राम सुरळीत तयार होत होता. पण सोमवारपासून नवा नियम निघाला होता. बाहेर जाणारा प्रत्येक प्रोग्राम सँडबॉक्समध्ये, म्हणजे चारी बाजूंनी बंद केलेल्या जागेतच, तयार करायचा. हा नियम करणारी समोरच्याच टेबलावर बसायची. सगळे तिला कुलूपवाली म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

"अगं, एवढ्यापुरते सगळे अधिकार देऊन टाक ना त्याला. सिस्टर खोळंबल्यात."

"एवढ्यापुरतं म्हणून दिलेलं कुणी परत घेतल्याचं मी तरी पाहिलं नाही, अप्पा." ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "कुठे अडतंय ते दाखवा."

बारा वर्षांपूर्वी अप्पांनीच लिहिलेल्या चार ओळी होत्या. प्रोग्राम तयार होताना आधी विचारायचा, मी कोण? 'मालक' असं उत्तर आलं, तर तयार झालेली फाइल पंपाच्या नावावर करायची. नाही आलं, तर गुपचूप पुढे जायचं.

"तुमच्या मशिनवर तुम्ही साधे वापरणारे," ती म्हणाली, "म्हणून तिथे तो गुपचूप पुढे जातो. सँडबॉक्सच्या आत मात्र त्याला उत्तर मिळतं, तू मालक. मग तो जातो फाइल नावावर करायला."

"बरोबर आहे की मग. मालकाला नाही कोण म्हणतं?"

"तो आतल्या आत मालक. पंपाचं नाव भिंतीबाहेरचं, आणि तिथे त्याला कुणी विचारत नाही."

"आणि हे त्याला माहीत नाही?"

"नाही."

"मग मालक आहेस म्हणून सांगायचं तरी कशाला?"

"नाहीतर अर्ध्या कामांना तो हातच लावत नाही. अडून बसतो."

अप्पांना हे कळलंही आणि कळलं नाहीही. यात खोटं नक्की कोण बोलत होतं, तेच त्यांच्या ध्यानात येईना.

"या ओळीच काढून टाका," ती म्हणाली. "फाइल नावावर करून घ्यायचं काम पंप आता स्वतःच करतो. प्रोग्रामला 'मी कोण' हे विचारूच देऊ नका."

अप्पांनी ओळी खोडल्या. पाचव्यांदा लाल काही आलं नाही. ती आपल्या टेबलाशी परतली.

"पाठवू का गं?"

"मला काय विचारता? विभागप्रमुख तुम्ही."

ते खरंच होतं. दारावर तशी पाटी होती. अप्पांनी 'मंजूर' दाबलं. पडद्यावर छोटं चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. अप्पा वाट बघत होते. समोर तिने मान वर न करता दोन कळा दाबल्या. चक्र थांबलं आणि 'पाठवले' अशी अक्षरं उमटली.

ती तशीच टाइप करत राहिली. संबंध असेल, नसेलही.

थोड्या वेळाने फोन वाजला. "आलं हो साहेब. पंप लागला, भोंगा गप्प आहे." सिस्टरांचा आवाज मोकळा झाला होता. "वहीत नोंद करायचीय. कुणी मंजूर केलं म्हणून लिहू?"

अप्पांनी फोनवर तळहात ठेवला आणि समोर पाहिलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "काय सांगू त्यांना?"