पॉइंटवरचा शारीक

"आमचे अकरा, तुमचे आठ," चोगले म्हणाले. "तुलना कसली करताय, गफूरभाई? चहा घ्या."

गफूरभाईंनी चहा घेतला, पण तुलना सोडली नाही. रियाधबाहेरच्या माळावर शुक्रवारची सकाळ नुकती कुठं तापायला लागली होती. गफूरभाईंचं बाणकोट आणि चोगल्यांचं श्रीवर्धन, म्हणजे खाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, यांची तीन सामन्यांची फायनल आज सुरू व्हायची होती. आणि सामन्याआधी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी सतरंजीवर बसून दोन्ही टीमा तोलायच्या, हा इथला रिवाज. टॉसपेक्षा त्याला मान जास्त. दोघं एकमेकांचे व्याही, त्यामुळं तोलताना कुणी हात आखडता घेत नसे. पंच म्हणून बँकेतले चंद्रशेखर बोलावलेले. ते पुण्याचे, म्हणजे दोन्ही काठांना सारखेच परके.

"बॅटिंग घ्या," गफूरभाई म्हणाले. "तुमचा झयान बरा खेळतो. माझा जावई आहे म्हणून नाही, खरंच बरा खेळतो. पण आमच्या मुनाफनं मागं जो सिक्स मारला, तो बॉल अजून खाली आलेला नाही. तिकडं हजार किलोमीटरवर तबूकला टोमॅटोच्या शेतावरचे लोक सांगतात, दुपारी कधीकधी डोक्यावरून सावली जाते."

"मुनाफ रमजानच्या आधीच घरी गेला की हो."

"बॉल आहे ना इथंच."

हसण्यानं चोगल्यांच्या कपातला चहा हिंदकळला.

"आणि फिल्डिंगचं तर नावच काढू नका," गफूरभाईंना आता रंग चढला होता. "पॉइंटला शारीक. त्याच्याकडं बॉल गेला की धावायचं नाही, हे तुमच्या पोरांना आया दुधाबरोबर पाजतात. गेल्या वर्षी तुमच्या झयाननं हिंमत केली. तो क्रीझमध्ये पोचेपर्यंत स्टंप उडाले, पुन्हा रोवले गेले, वर बेल्ससुद्धा ठेवून झाल्या होत्या."

चोगले हसले आणि मधेच थांबले. मोबाईलच्या दुकानांत यापुढं सौदीच बसणार, असा हुकूम निघाला आणि रियाधच्या बत्हा बाजारातली शारीकची गल्लीच्या गल्ली रिकामी झाली. बाणकोटची निम्मी टीम त्याच गल्लीत मोबाईल उघडून बसायची. श्रीवर्धनचे सगळे ड्रायव्हर नाहीतर एसीवाले. त्यांना झळ लागली नव्हती. शारीक मागच्याच महिन्यात कायमच्या परतीचा खुरूज-व्हिसा घेऊन विमानात बसला. उरलेल्यांतले पुढच्या वर्षी कितीजण असतील, बाणकोटची टीम तरी असेल का, हे गफूरभाईंना कुणी विचारत नव्हतं आणि ते स्वतःलाही विचारत नव्हते.

"ऐका माझं," चोगले आवाज उतरवून म्हणाले. "आमचे तीन राखीव नुसते बसलेत. घ्या त्यांना. मी बोलत नाही, तुम्ही बोलू नका. चंद्रशेखर साहेबांना कुठलं कळतंय कोण कुठला ते. खेळ तरी रंगेल."

ते मनापासून बोलत होते. गफूरभाईंना राग यावा, तर तेवढीही सोय नव्हती.

बाणकोटची आठ पोरं बुटांच्या नाड्या बांधता बांधता थांबली होती. सगळ्यांचे कान सतरंजीकडं. फायनल जिंकायची तर अकरा हवेत, हे त्यांना कळत होतं. आणि जिंकल्यावर कप कोणत्या गावाचा म्हणायचा, हेही.

गफूरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"घेतो की," ते म्हणाले. "तीनही घेतो. आधी मधली खाडी तेवढी बुजवून द्या."

पोरांनी नाड्या आवळल्या.

टॉस श्रीवर्धननं जिंकला आणि बॅटिंग घेतली. फिल्डिंग लावायला गफूरभाई स्वतः मैदानात गेले. या वयात, लुंगीवर. एकेकाला खांद्याला धरून उभं केलं. आठ माणसांत बोलर आणि कीपर वजा जाता माळ कसा भरणार? मधे उंटांचा तांडा गेला असता तरी कुणाला धक्का लागला नसता.

"चाचा, पॉइंटला कोण?" कॅप्टननं विचारलं.

"शारीक."

पोरगं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलं.

"जागा त्याची आहे. दुसरं कुणी तिथं फिरकायचं नाही. यल्ला, बॉल टाका."

"वल्ला, म्हातारा खुळावला," सतरंजीवर चोगले पुटपुटले.

पहिलाच बॉल आखूड पडला. झयाननं तो कडक कट केला. बॉल वाळूला घासत थेट पॉइंटकडं सुटला. समोरचा बॅट्समन निम्म्या पिचवर येऊन पोचला. झयानही दोन पावलं निघाला, आणि त्याचा हात आपोआप वर गेला.

"नको! नको! मागं!"

दोघं उलटे फिरले. झयाननं तर क्रीझकडं अंग झोकून दिलं. छातीवर घसरत, तोंडात वाळू, बॅट पुढं ताणलेली.

बॉल मोकळ्या माळावरून आरामात गेला, एका काटेरी झुडपाला टेकला आणि थांबला. कव्हरवरच्या पोरानं चालत जाऊन तो उचलला, चालतच परत आणला. चंद्रशेखर साहेब हात कुठल्या खुणेसाठी वर करावा, या विचारात तसेच उभे.

"अरे, पळायचं की!" चोगले सतरंजीवरून ओरडले. "कोण आहे तिथं?"

झयान उठला. कपडे झटकले. पॉइंटकडं एकदा बघितलं आणि पुन्हा गार्ड घेतला.

गफूरभाई येऊन आपल्या जागेवर बसले. लुंगी सावरली, कॉलर सरळ केली. गार झालेला चहा असा प्यायले की जणू आत्ताच कुणी ओतून दिलाय.

"व्याही," ते म्हणाले, "आमचे किती म्हणालात? पुन्हा मोजा बघू."

चोगल्यांनी बोट उचललं. बोलर, कीपर, मग एकेक फिल्डर. बोट फिरत फिरत पॉइंटच्या रिकाम्या वाळूवर आलं आणि तिथं जरा थांबलं.

"नऊ," चोगले म्हणाले.